तांड्याचे गाणे तांड्याच्याच ओठी राहावे

होळी जवळ आली की बंजारा तांड्यावर डफ वाजू लागतो आणि लेंगीचे सूर उमटतात, असे लोकसंस्कृतीच्या प्रत्येक पुस्तकात वाचावयास मिळते. हिंगोली जिल्ह्यातील वस्तुस्थिती अलीकडे थोडी निराळी आहे. सेनगाव, कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांच्या माळरानांवर वसलेल्या तांड्यांतून दसरा-दिवाळी आटोपताच तरुण जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. मागे उरतात थकलेले आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. हंगाम लांबला, कारखान्याचा पट्टा पडण्यास उशीर झाला, की होळीही उसाच्या फडातच येते. ज्यांनी लेंगी गावयाची, ते तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील एखाद्या कोपीत असतात. ज्यांना ती शिकावयाची, ती मुले तांड्यावर असतात. गाणे आणि ऐकणारा यांच्यामध्ये असे शेकडो मैलांचे अंतर पडले आहे.

यावर एक सोपा उपाय सर्वत्र सुचविला जातो : गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवा. मोबाइल आज हातोहाती आहे. म्हातारीने गावे, नातवाने कळ दाबावी, की परंपरा सुरक्षित झाली! उपाय चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे, आणि अपुरा उपाय पूर्ण मानला गेला की तोच घातक ठरतो. ध्वनिमुद्रणाने सूर राहतो. रीत राहतेच असे नाही. संस्काराची गाणी तर रीतीशिवाय जगतच नाहीत. म्हणूनच ती कोणी मुद्रित करावयाची, कशी करावयाची आणि नंतर त्यांचे काय करावयाचे, याचा विचार कळ दाबण्यापूर्वी व्हावयास हवा.

प्रत्येक गाण्याला त्याची वेळ

बंजारा समाजाची गाणी ही केवळ करमणुकीची गाणी नव्हेत. त्या समाजाला लिखित धर्मग्रंथ नाही, गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. जे काही जपावयाचे ते गाण्यातच जपले गेले. होळीच्या वेळी त्या वर्षी जन्मलेल्या मुलाचा ‘ढूंड’ हा संस्कार होतो. तांड्यातील गेरिया म्हणजे तरुण मुले बाळाभोवती जमतात, काठीवर काठ्यांचा ताल धरतात आणि बाळाच्या आयुष्यासाठी, कर्तृत्वासाठी आशीर्वाद गातात. हे आशीर्वाद गायल्याशिवाय तो संस्कार पुरा होत नाही.

श्रावणात तीज येते. अविवाहित मुली टोपल्यांत माती भरून गहू पेरतात, नऊ दिवस त्याला पाणी घालतात, आणि पाणी घालताना रोज गातात. अंकुर वाढत जातात, तशी गाणीही पुढे सरकत जातात. शेवटच्या दिवशी ते अंकुर खुडून वाटले जातात आणि विसर्जन होते. एखाद्या मंचावर वार्षिक स्नेहसंमेलनात ‘तीजनृत्य’ सादर होते, तेव्हा टोपली असते, पोशाख असतो, सूरही असतो. परंतु नऊ दिवसांचे पाणी नसते. पाहणाऱ्याला तो फरक जाणवत नसेल. गाणाऱ्या मुलीच्या आजीला तो लगेच जाणवतो.

विवाहातील ‘ढावलो’ आणि ‘हवेली’ यांचे स्थान त्याहून वेगळे आहे. सासरी निघणारी मुलगी आईच्या, बहिणींच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून ढावलो गाते. माहेरच्या अंगणातील एकेका गोष्टीचा निरोप घेते. पाठवणीच्या क्षणी बैलावर उभी राहून ती हवेली गाते आणि ज्या तांड्याने तिला वाढविले त्याला भरभराटीचे दान मागते. पूर्वी विवाहाआधी कित्येक दिवस थोरल्या बायका वधूला ही गाणी शिकवीत असत. ते शिकणे म्हणजे संसाराचे शिक्षणच होते. आज विवाह एका दिवसात, मंगल कार्यालयात, ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर पार पडतो. तेथे ढावलो गावयाला वधूला उसंत कोठून मिळणार, आणि गायला तरी तो ऐकू कोणाला येणार?

शिक्क्याचे ओझे आणि नोंदीतील अदृश्यता

या गाण्यांची आज अशी परवड का झाली, याचे उत्तर केवळ आधुनिकतेत शोधून चालणार नाही. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य लादून देशभर पोहोचविणारा हा समाज एके काळी व्यापाराची रक्तवाहिनी होता. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, इंग्रजांचे मिठाचे कायदे आले आणि हा व्यवसाय बुडाला. त्यावर कडी म्हणून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. ज्या समाजांना या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले, त्यांत ठिकठिकाणचे बंजारेही होते. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला. महाराष्ट्रात हा समाज ‘विमुक्त जाती’ या नावाने ओळखला जातो, तो त्याच इतिहासामुळे. कायदा रद्द झाला. मनातील शिक्का मात्र अनेक वर्षे पुसला गेला नाही. ज्याच्या पोशाखाकडे, बोलीकडे आणि गाण्याकडे गावाने संशयाने पाहिले, त्याच्या मुलांना शाळेत गेल्यावर त्याच गोष्टींची लाज वाटू लागली, यात नवल ते काय? ही लाज निर्माण करण्यात परकीय राजवटीचा वाटा मोठा होता, हे खरे. परंतु ती टिकवून ठेवण्यात तांड्याबाहेरच्या समाजाचाही वाटा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

भाषेच्या नोंदीतही असेच घडले. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ‘बंजारी किंवा लभाणी’ची स्वतंत्र दखल आहे. २०११ च्या जनगणनेत मात्र सुमारे ३२ लाख ७६ हजार लोकांनी सांगितलेली ‘लमाणी-लंबाडी’ आणि सुमारे १५ लाख ८१ हजार लोकांनी सांगितलेली ‘बंजारी’ या दोन्ही हिंदीच्या छत्राखाली मोजल्या गेल्या. हिंदीशी वैर असण्याचे काही कारण नाही. परंतु जी बोली पन्नास लाखांच्या घरात लोक बोलतात, तिच्या गाण्यांचा विचार ‘हिंदीची एक छटा’ म्हणून होऊ लागला, तर त्या गाण्यांतील नेमके शब्द टिपण्याची निकड कोणालाच वाटणार नाही.

लकोटांची कहाणी

आपल्यासारख्याच प्रसंगातून गेलेल्या एका दूरच्या समाजाचा अनुभव येथे पाहण्याजोगा आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर राहणारे लकोटा हे तेथील मूळ रहिवासी. सूर्यनृत्य हा त्यांचा मोठा विधी. अनेक दिवसांचा हा विधी उपवास, व्रत आणि ठरावीक गाणी यांनी बांधलेला असतो. १८८३ मध्ये अमेरिकन सरकारने ‘इंडियन अपराधां’ची नियमावली काढून सूर्यनृत्यासारखे विधी दंडनीय ठरविले. मुलांना निवासी शाळांत नेऊन त्यांची भाषा तोडण्यात आली. इकडे १८७१ आणि तिकडे १८८३. दोन खंडांतील दोन राजवटी, पण दृष्टी एकच : जो आपल्यासारखा नाही, त्याची रीत म्हणजे गुन्हा.

यातील विसंगती अशी की, त्याच सरकारच्या मानववंशशास्त्र विभागाने पुढे ही गाणी जमा करण्याचे काम हाती घेतले. फ्रान्सिस डेन्समोर या संशोधिकेने १९११ पासून स्टँडिंग रॉक येथे जाऊन वृद्ध लकोटा गायकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टेटन सू म्युझिक’ या तिच्या ग्रंथात दोनशेहून अधिक गाणी आहेत. बाईंचे कष्ट निःसंशय मोठे होते. मेणाच्या नळकांड्यावर दोन-चार मिनिटेच मावत. ते वाजवावे तितके झिजे. दिवसचे दिवस चालणारा विधी असा मिनिटांच्या तुकड्यांत कापला गेला आणि राजधानी वॉशिंग्टनच्या कपाटात जाऊन बसला. ज्यांची ती गाणी, त्यांच्या नातवंडांना ती ऐकण्याची सोय नव्हती.

१९३४ मध्ये बंदी सैल झाली. १९७८ मध्ये अमेरिकन इंडियनांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जुन्या नळकांड्यांवरील ध्वनी नव्या फितींवर उतरवून त्या त्या समाजाला प्रती परत देण्याची योजना आखली. लकोटांची उपासना पुन्हा उघडपणे उभी राहिली. परंतु ती केवळ नळकांड्यांतून उठली नाही. बंदीच्या काळात ज्यांनी चोरून, रानात, डोंगरात जाऊन विधी चालू ठेवले, त्यांच्या कंठातून ती उठली. नळकांड्यांनी साक्ष दिली, विसरलेला एखादा शब्द परत दिला. प्राण मात्र गाणाऱ्यांनी राखला.

याच इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. शेजारच्या ओमाहा जमातीची गाणी १८९० च्या दशकात मुद्रित झाली, तेव्हा ॲलिस फ्लेचर यांच्या सोबतीला फ्रान्सिस ला फ्लेश हा त्या जमातीतच जन्मलेला अभ्यासक होता. कोणते गाणे कोणाचे, ते केव्हा गावयाचे, हे त्याला बाहेरून विचारावे लागत नव्हते. आपल्या माणसाने केलेल्या नोंदीचे मोल असे असते. लकोटांनी पुढे आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या उपासनेचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध १९९३ मध्ये त्यांच्या प्रतिनिधींनी जाहीरनामाच प्रसिद्ध केला. आजही अनेक विधींच्या जागी छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण यांना मनाई असते. सर्व काही मुद्रित झालेच पाहिजे, हा आग्रह त्यांनी नाकारला. काय जगासमोर ठेवावयाचे आणि काय केवळ आपल्या माणसांत राखावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला.

जात्याची घरघर थांबली तेव्हा

महाराष्ट्रात असा प्रयोग झालाच नाही, असे नाही. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुण्यातून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांच्या साहाय्याने गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर बायांनी गायलेल्या आहेत. बर्नार्ड बेल यांनी १९९५ पासून त्यांतील अनेकींचे आवाज मुद्रित केले. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाद्वारे सर्वांना ऐकावयास मिळू लागला. हिंगोलीकरांना यात विशेष आपुलकी वाटावी असेही काही आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा ज्या परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या परभणीतील ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज या संग्रहात आहे. सीतामाईच्या वनवासावरील त्यांच्या ओव्या ऐकताना रामकथा ग्रंथातून नव्हे, तर सोसलेल्या आयुष्यातून येते आहे, असे वाटते.

या कामाचा मोठेपणा हा की, प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव आहे, गावाचे नाव आहे. ‘अनामिक लोकगीत’ म्हणून ती टाकून दिलेली नाही. परंतु या संकलनाने एक कठोर सत्यही समोर आणले. पिठाची गिरणी गावात आली, पहाटेची घरघर थांबली, आणि ओवी गाण्याचे रोजचे निमित्तच संपले. लाख ओव्या जपल्या गेल्या. नव्या ओव्या मात्र जात्यावर फारशा जन्मल्या नाहीत. आज जाते दिसते ते लग्नघरी. त्याची पूजा होते, त्यावर हळद दळली जाते, आणि तेवढ्यापुरती का होईना, एखादी वडीलधारी बाई ओवी उचलते. हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोलीत यातील मर्म कोणी वेगळे सांगावयास नको. रोजचे काम गेले तेथे गाणे गेले. संस्कार राहिला तेथे गाणे राहिले.

नरसीचे उत्तर

हिंगोली जिल्ह्याला हा धडा शिकण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची तशी आवश्यकताही नाही. हिंगोलीपासून जवळच असलेले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० सालचा. नाचत, गात, कीर्तन करीत ते पंजाबपर्यंत गेले. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांच्या ६१ पदांना स्थान मिळाले, आणि तेही कोणत्या रागात गावयाचे या निर्देशासह. त्या काळी यंत्र नव्हते, फीत नव्हती. तरीही चारशेहून अधिक वर्षे ही पदे गुरुद्वारांत गायली जात आहेत. २०१५ मध्ये घुमान येथे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मराठवाड्यातील एका संताविषयी पंजाबला वाटणारा जिव्हाळा महाराष्ट्राने प्रत्यक्ष अनुभवला.

ही पदे का टिकली? ती ग्रंथात लिहिली गेली म्हणून, हे अर्धेच उत्तर झाले. ती नित्य उपासनेचा भाग झाली, हे उरलेले अर्धे उत्तर. वारकरी संप्रदायातही हेच घडले. अभंग गाथेत आहेत. पण ते हरिपाठात, काकड्यात, दिंडीत गायले जातात म्हणून ते जिवंत आहेत. वेदपाठाची परंपरा तर याहून प्राचीन. पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धतींनी एकेक अक्षर आणि एकेक स्वर मुखोद्गत राखण्याची शिस्त या देशाने निर्माण केली. कंठ हेच आपले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण आहे. मात्र हा कंठ घडविण्यासाठी गुरू लागतो, शिष्य लागतो, आणि दोघांनी एकत्र बसण्याची वेळ लागते. तांड्यावर नेमकी तीच वेळ हरवली आहे.

करावयाचे ते काय?

म्हणून ध्वनिमुद्रणाकडे अस्थिकलश म्हणून पाहावयाचे नसून तीजेच्या टोपलीतील गव्हाप्रमाणे पाहावयाचे आहे. बी साठवून ठेवावयाचे ते पुन्हा पेरण्यासाठी. या दृष्टीने काही गोष्टी आजच, आणि फारसा खर्च न करता, करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे मुद्रण करणारा तांड्यातीलच असावा. महाविद्यालयात शिकणारे बंजारा तरुण-तरुणी आज गावोगाव आहेत. ढावलो गाणारी आजी परक्या पाहुण्यासमोर जे गाणार नाही, ते नातीसमोर गाईल; आणि गाताना मध्येच थांबून त्याचा अर्थही सांगेल. तो अर्थ, ते थांबणे, तो हुंदका हेही मुद्रित झाले पाहिजे. गाणे कोणाचे, कोणत्या तांड्याचे, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या क्रमाने गावयाचे, याची नोंद त्याच वेळी व्हावी. नोंद नसलेला ध्वनी काही वर्षांनी केवळ गोंगाट ठरतो. देवनागरीत शब्द उतरवून घेतले, तर पुढच्या पिढीला ते वाचताही येतील.

दुसरी गोष्ट म्हणजे गाणाऱ्याची संमती आणि समाजाचा अधिकार. लेंगी सर्वांसमोर गायली जाते. ती सर्वांनी ऐकण्यात काही वावगे नाही. पण एका मुलीचा आईच्या गळ्यात पडून केलेला विलाप, किंवा भोग अर्पण करताना सेवालाल महाराजांना केलेली विनवणी, ही कोणाच्याही मनोरंजनाची सामग्री नव्हे. काय बाहेर जाईल आणि काय तांड्यातच राहील, हे तांड्याच्या नायकाने, कारभाऱ्याने आणि मुख्यतः गाणाऱ्या बायांनी ठरवावे. आज डीजेच्या ठेक्यावर जुन्या चाली चढवून विकल्या जातात; ज्या आजीकडून ती चाल आली, तिचे नावही कोठे नसते. तिला नाव मिळावे, आणि पैसा मिळत असेल तर तिचा वाटाही मिळावा.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रती. मोबाइल हरवतो, त्यातील साठवणीची चकती बिघडते, फीत उन्हाने खराब होते. एक प्रत तांड्याच्या शाळेत, एक जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक मोठ्या संस्थेत, अशा तीन जागी तरी ती असावी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. सेवालाल महाराजांच्या समाधिस्थानाजवळ उभी राहिलेली ही वास्तू हिंगोलीच्या सीमेपासून दूर नाही. संग्रहालयात पोशाख आणि दागिने पाहावयास मिळावेत, तसाच तांड्यातांड्यांतील आवाजही ऐकावयास मिळावा. नंगारा काचेमागे ठेवण्यासाठी नसून तांडा जागा करण्यासाठी असतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाण्याला त्याचा प्रसंग परत मिळवून देणे. तीजेसाठी फारसे काही लागत नाही. श्रावणात बहुतेक कुटुंबे तांड्यावरच असतात. शाळेने आणि गावाने त्या नऊ दिवसांचा मान राखला, मुलींच्या हाती टोपली आणि शेजारी एक आजी दिली, तर परंपरेची एक कडी तेथेच जोडली जाते. होळीचा प्रश्न अधिक कठीण आहे. जोपर्यंत तांड्याला पाणी नाही आणि हाताला काम नाही, तोपर्यंत कोयता सुटणार नाही. कोरडवाहू जमिनीला पाणी देणारे जलसंधारणाचे काम, मुलांसाठी हंगामी वसतिगृह, गावातच मिळणारा रोजगार ही लेंगीच्या जतनाचीच कामे आहेत, हे संस्कृतीप्रेमींनी ध्यानात घेतले पाहिजे. तोवर निदान इतके तरी व्हावे की, साखरपट्ट्यातील सामाजिक कार्यकर्त्यांनी होळीच्या रात्री फडावरच्या कोप्यांपर्यंत जावे, तेथे लेंगीला जागा आणि वेळ मिळवून द्यावा, आणि त्या वर्षी जन्मलेल्या बाळाचा ढूंड तेथेच साजरा होऊ द्यावा. एखादा कारखाना त्या दिवशी फडाला सुट्टी देऊ शकणार नाही काय?

यात उपकाराची भावना नको. तांड्याचे गाणे वाचविणे म्हणजे दुर्बलाला हात देणे नव्हे. स्वतःच्याच घरातील एक दालन उघडणे आहे. ज्या समाजाने शतकानुशतके या देशाला मीठ पोहोचविले, त्याच्या गाण्यांत या देशातल्या वाटांची, पाणवठ्यांची, निरोपांची आणि भेटींची स्मृती साठलेली आहे. ती स्मृती यंत्रात उतरविण्यास आज कोणाचीच हरकत नाही. यंत्र आपले काम करील. परंतु पाठवणीच्या वेळी बैलावर उभ्या राहिलेल्या मुलीला हवेलीचे शब्द सुचावेत, यासाठी तिच्या लहानपणी कोणीतरी ते तिच्या शेजारी बसून गायलेले असले पाहिजेत. तिच्या शेजारी बसणारी आजी आज तांड्यावर आहे, आणि शिकणारी नातही आहे. त्या दोघींना मिळणारा वेळ हाच या गाण्यांचा खरा ठेवा आहे. तो राखण्याचे काम यंत्राचे नव्हे, समाजाचे आहे.